तीन वार

उद्यमनगरात, बंद फाउंड्रीच्या पत्र्याखाली
आम्ही अकरा जण बसलो होतो
मांडववाल्याच्या लाल खुर्च्यांवर.
बँकेचे वसुली अधिकारी परुळेकर
सरकारी बोली वाचत होते,
आणि वर गर्डरवरची कबुतरं
आमच्यापेक्षा जास्त बोलत होती.

सगळं आदल्या रात्रीच ठरलेलं.
लक्ष्मीपुरीतला लॉज, खोली नंबर चार.
ज्या पेपरात लिलावाची नोटीस आली होती
त्याच पेपरवर मटणाची ताटं,
आणि त्याच्याच कोऱ्या कडेला
भूपाल नेजकरनं पेन्सिलीनं लिहिलं
कुठला माल कुणाच्या नावावर सुटायचा.
दस्तगीर शिकलगारनं एक हजारानं चढायचं,
मगदुमानं पाचशेनं,
मग नेजकर,
मग सगळ्यांनी आपापल्या मोबाइलात बघायचं.
भिशीच म्हणा की ही.
फक्त भिशीत आपण आपले पैसे घालतो.

मला सोपं काम दिलं.
"लोहार, तुम्ही नुसता चहा पाजा."

कागलकडचा एक पोरगा आला होता, सुयोग आंबी.
रिंगच्या बाहेरचा.
डब्याच्या पिशवीत अनामतीची पावती,
आणि डोळा एकाच मशीनवर :
बटाल्याचा साडेसहा फुटी लेथ.

त्या लेथसमोर मी एकोणीस वर्षं उभा होतो.
त्याच्या डाव्या पायाखालची पट्टी मी घातलेली.
तिसऱ्या गिअरला तो कण्हतो, थंडीत जास्त,
हे मालकाला माहीत नव्हतं,
बँकेला तर नाहीच.

टपरीवर मी पोराला म्हणालो,
"बेड झिजलाय रे त्याचा, चकाजवळ.
घेशील आणि पस्तावशील."

बेड झिजलेला नव्हता.
रोज सुट्टीचा भोंगा झाला की मी तो तेलानं पुसायचो;
पोरीच्या केसांनासुद्धा
इतकं तेल माझ्या हातून लागलं नसेल.

पोरगा चहावरची साय बोटानं काढत राहिला.
आतून परुळेकरांचा आवाज आला :
एक वार.
मी म्हणालो, बिस्कीट घे.
दोन वार.
तो उठू लागला. मी विचारलं,
वडील काय करतात तुझे?
तो चांगल्या घरचा. विचारलं म्हणून थांबला.
तीन वार.

रात्री त्याच खोलीत, कडी लावून,
खरा लिलाव झाला.
सकाळचे मुके आता गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते.
सकाळी एकतीस हजारांना सुटलेला लेथ
अठ्ठ्याऐंशीला शिकलगारकडे गेला.
मधला फरक अकरा जणांत.
माझ्या वाट्याला पाच हजार एकशे ऐंशी,
चहाचे चाळीस वेगळे,
नेजकर हिशोबाला चोख.

महिन्यानं पोराचा फोन.
तोच लेथ त्यानं एक लाख पंधराला घेतलेला.
"काका, बेड झिजलाय म्हणून भांडलो,
चार हजार कमी केले त्यांनी.
आता तेवढा बघून द्या की."

गेलो. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?
शेड नवी, रंगाचा वास,
चकाला हळदकुंकू.
त्यानं डायल लावला, बेडवरून सरकवत नेला.
सुई शून्यावर.
चकापासून पार टेलस्टॉकपर्यंत शून्यावर.
पुन्हा नेला.
पोरानं माझ्याकडे बघितलं,
सुईकडे बघितलं,
आणि गप्प बसला.
फुकट.

मग बटण दाबलं त्यानं.
पहिला, दुसरा,
तिसऱ्याला लेथ कण्हला
आणि माझा हात आपोआप वर गेला,
खांद्याच्याही वर :
थांब जरा. त्याला दम खाऊ दे.